कडू कोयनेल : क्विनीनचे रसायन आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या



आजचा पाठ एका औषधी संयुगावर आहे. पण त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मागच्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. थंडी वाजून ताप येत होता, रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. आठवड्याने तो आला तेव्हा मी त्याला विचारलं, "ताप गेला ना रे?" तो म्हणाला, "हो बाई, गेला." मी म्हटलं, "चल मग, राहिलेला अभ्यास लिहून काढ." विषय संपला.

दोन महिन्यांनी त्याला पुन्हा तसाच ताप आला. या वेळी त्याची आई शाळेत सांगायला आली. पिशवीतून तिने गोळ्यांची एक पट्टी काढून दाखवली. अर्ध्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. ती म्हणाली, "बाई, ताप तर तिसऱ्याच दिवशी उतरला. मग पोराच्या पोटात उगाच औषध कशाला घालायचं? आणि कडू म्हणून थुंकून टाकतंय ते."

तिचं चुकलं असं मला म्हणवेना. ताप गेला का, एवढंच तर मीही विचारलं होतं. गोळ्या संपल्या का, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि मी विज्ञान शिकवते!

म्हणून ठरवलं, मलेरियाच्या औषधाचं रसायनशास्त्र वर्गात नीट शिकवायचं. त्यासाठी निवडलं या सगळ्या औषधांचं मूळ पुरुष, म्हणजे क्विनीन. आपल्या आजी-आजोबांचं 'कोयनेल'. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा शब्द विचारून बघा, तोंड वाकडं करूनच उत्तर देतील.

१) कोयनेल आलं कुठून?

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या उतारांवर सिंकोना नावाचं झाड वाढतं. त्याच्या सालीने हिवताप उतरतो हे युरोपला सतराव्या शतकात कळलं. साल वाळवून, कुटून तिची पूड द्राक्षाच्या दारूत मिसळून पीत. अडचण अशी की कुठल्या सालीत औषध किती, हे कुणालाच माहीत नसायचं. एका सालीने गुण यायचा, दुसरीने यायचा नाही.

१८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या दोघांनी सालीतला गुणकारी पदार्थ वेगळा काढला आणि त्याला क्विनीन हे नाव दिलं. मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगा. 'झाडपाला' आणि 'औषध' यांत काय फरक पडतो, तर शुद्ध पदार्थ हातात आला की तो तोलता येतो. मात्रा ठरवता येते. रसायनशास्त्राने इथे नेमकं हेच केलं.

१८६० नंतर ब्रिटिशांनी सिंकोनाची रोपं भारतात आणली. निलगिरीत उटीजवळ आणि दार्जिलिंगकडे मुंगपू इथे त्याच्या बागा झाल्या. पुढे पोस्ट ऑफिसातून क्विनीनच्या पुड्या स्वस्तात विकल्या जात. पण खरी बाजी मारली डचांनी. त्यांनी जावा बेटावर जास्त क्विनीन देणारी जात वाढवली. १९३० च्या दशकात जगातलं ९० टक्क्यांहून अधिक क्विनीन तिथूनच येत होतं. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचं औषधच तुटलं. मग कारखान्यात बनणाऱ्या औषधांचा शोध जोरात सुरू झाला. क्लोरोक्विन जर्मनीत १९३४ मध्येच तयार झालेलं होतं, त्याचं महत्त्व या काळात सगळ्यांना कळलं.

२) रेणूची ओळख

क्विनीनच्या एका रेणूत कार्बनचे २० अणू, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ असतात. रेणुवस्तुमान मुलांनाच काढू द्या :

कार्बन : २० × १२ = २४०
हायड्रोजन : २४ × १ = २४
नायट्रोजन : २ × १४ = २८
ऑक्सिजन : २ × १६ = ३२
एकूण : ३२४

नेहमी पाणी आणि मीठ यांचीच रेणुवस्तुमानं काढून मुलं कंटाळलेली असतात. 'ज्या औषधाने कोट्यवधी माणसं जगली त्याचं वजन काढू या' म्हटलं की पेन्सिली पटापट चालतात.

रेणूची रचना फळ्यावर पूर्ण काढायची गरज नाही. दोन भाग सांगितले तरी पुरे. एक भाग चपटा, दोन कडी एकमेकींना चिकटलेली, त्याला क्विनोलीन म्हणतात. दुसरा भाग पिंजऱ्यासारखा, त्याला क्विन्युक्लिडीन म्हणतात. दोघांना जोडणाऱ्या कार्बनवर एक अल्कोहोल गट असतो. दोन्ही भागांत एकेक नायट्रोजन आहे. शिवाय पिंजऱ्याला एक दुहेरी बंध असलेली शेपटी आणि चपट्या भागाला एक मेथॉक्सी गट. दहावीच्या मुलांना क्रियात्मक गट आणि विषम अणू शिकवताना हे एकच उदाहरण चारपाच संकल्पना दाखवतं.

आणखी एक गंमत. तेच अणू, तेच बंध, पण दोन कार्बनवरची अवकाशातली मांडणी उलटी, असा क्विनीनचा एक समघटक सालीतच सापडतो. त्याचं नाव क्विनिडीन. ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं औषध म्हणून वापरलं गेलं. मांडणी बदलली की काम बदलतं!

३) गुणधर्म

(अ) रूप आणि चव : पांढरे स्फटिक, वास नाही, द्रवणांक सुमारे १७७ अंश सेल्सिअस. चव अतिशय कडू. इतकी की कडूपणाच्या अभ्यासात क्विनीन हा नमुना पदार्थ म्हणून वापरतात.

(आ) द्राव्यता : १ ग्रॅम क्विनीन विरघळायला जवळजवळ १९०० मिलिलिटर पाणी लागतं. तेच अल्कोहोलमध्ये १ मिलिलिटरपेक्षाही कमी पुरतं. सालीची पूड साध्या पाण्याऐवजी दारूत का मिसळत, याचं उत्तर इथे मिळतं. लोकांना कारण माहीत नव्हतं, अनुभव मात्र बरोबर होता.

(इ) आम्लारी स्वभाव : वनस्पतीत तयार होणाऱ्या, नायट्रोजन असलेल्या अशा आम्लारीधर्मी संयुगांना अल्कलॉइड म्हणतात. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन हीसुद्धा अल्कलॉइडच. क्विनीनच्या दोन नायट्रोजनपैकी पिंजऱ्यातला नायट्रोजन जास्त आम्लारीधर्मी असतो. आम्ल भेटलं की तो हायड्रोजन आयन उचलतो आणि क्षार तयार होतो.

(ई) क्षार : सल्फ्युरिक आम्लापासून क्विनीन सल्फेट मिळतं. ते पाण्यात थोडंच विरघळतं, म्हणून गोळ्यांसाठी सोयीचं. हायड्रोक्लोरिक आम्लापासून मिळणारं डायहायड्रोक्लोराइड मात्र इतकं विरघळतं की १ ग्रॅमला १ मिलिलिटरही पाणी लागत नाही. म्हणून सलाइनमधून द्यायला ते वापरतात. 'आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार अधिक पाणी' असं आपण घोकून घेतो. क्विनीनमध्ये पाणी तयार होत नाही, आम्लारी थेट हायड्रोजन आयन स्वीकारते. हा फरक हुशार मुलांना जरूर दाखवा. अमोनियाचंही असंच असतं.

(उ) निळा उजेड : क्विनीनचा आम्लयुक्त द्राव अतिनील प्रकाशात निळा चमकतो. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी सूर्यप्रकाशात ही निळाई पाहिली. १८५२ मध्ये स्टोक्स यांनी तिचं कारण सांगितलं आणि त्या घटनेला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. रेणू डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि त्यातली थोडी ऊर्जा गमावून उरलेली दिसणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या रूपात सोडतो.

४) वर्गात करून पाहा

साहित्य : टॉनिक वॉटरची एक बाटली (लेबलवर क्विनीन लिहिलेलं आहे ना ते पाहा), साधा सोडा, काचेचे चार पारदर्शक ग्लास, मीठ, साखर आणि नोटा तपासायची अतिनील टॉर्च.

कृती :
१. टॉनिक वॉटर आधी तासभर उघडं ठेवा. गॅस जाऊ द्या. नाहीतर मीठ टाकल्याबरोबर फेस उसळून टेबलभर होतो. माझ्या टेबलाचा पहिल्या वेळी तसाच अभिषेक झाला.
२. तीन ग्लासांत टॉनिक वॉटर अर्ध्यापर्यंत घ्या, चौथ्यात सोडा.
३. खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने मारा. सोडा तसाच राहतो, टॉनिक वॉटर निळंशार उजळतं.
४. एका ग्लासात दोन चमचे मीठ, दुसऱ्यात दोन चमचे साखर घालून ढवळा. तिसरा तसाच ठेवा.
५. पुन्हा टॉर्च मारा. मिठाच्या ग्लासातला उजेड मंदावतो. साखरेच्या ग्लासात तसं होत नाही.

मिठातले क्लोराइड आयन क्विनीनच्या ऊर्जावान रेणूला धडकतात आणि प्रकाश बाहेर पडायच्या आतच ती ऊर्जा काढून घेतात. साखरेला ते जमत नाही. साखरेचा ग्लास का ठेवला, हे मुलांना विचारा. 'काहीही घातलं तरी उजेड कमी होतो का, ते बघायला,' असं उत्तर एखाद्याने दिलं की समजा तुमचा तास सार्थकी लागला.

अंधार केल्यावर मुलांचे पांढरे शर्टही चमकायला लागतात, वर्गात हशा पिकतो. त्याचंही कारण सांगा : कपडे धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारे असेच फ्लुओरेसन्स असलेले पदार्थ घातलेले असतात.

काळजी : टॉर्च कुणाच्याही डोळ्यांत मारायची नाही. प्रयोगातलं पाणी प्यायचं नाही.

५) टॉनिक वॉटर पिऊन मलेरिया बरा होतो का?

हा प्रश्न येतोच. उत्तर गणिताने द्या. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये १ लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालतं. मोठ्या माणसाच्या उपचारात एका वेळेची मात्रा सुमारे ६०० मिलिग्रॅम, तीही दिवसातून तीनदा, सात दिवस. म्हणजे एका मात्रेसाठी ७ लिटरहून जास्त, दिवसाला जवळजवळ २२ लिटर टॉनिक वॉटर प्यावं लागेल! पदार्थ तोच, पण मात्रेशिवाय औषध होत नाही. (हे आकडे तुलनेसाठी आहेत. मात्रा डॉक्टरच ठरवतात.)

६) पर्किनची चूक, आपला धडा

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन बनवायचा घाट घातला. त्याचा हिशेब असा : अलाइल टोल्युइडीनच्या एका रेणूत कार्बन १०, हायड्रोजन १३, नायट्रोजन १. असे दोन रेणू घेतले आणि ऑक्सिजनचे ३ अणू दिले, तर क्विनीनचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळायला हवा. मुलांना अणू मोजायला सांगा. हिशेब अगदी चोख जुळतो!

पण हाती आला लालसर तपकिरी गाळ. मग त्याने ॲनिलीन घेऊन तसंच करून पाहिलं. काळा गाळ मिळाला. तो अल्कोहोलमध्ये विरघळवला तर सुंदर जांभळा रंग. तोच मॉव्ह, कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला कृत्रिम रंग.

अणूंची संख्या जुळली म्हणजे रेणू जुळला असं नाही. कोणता अणू कुणाला जोडलेला आहे, हे पर्किनच्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रचना १९०८ मध्ये पॉल राबे यांनी मांडली. १९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी प्रयोगशाळेत संश्लेषणाचा मार्ग दाखवला. तरी आजही बाजारातलं क्विनीन झाडाच्या सालीतूनच काढतात, कारण ते स्वस्त पडतं.

७) औषध काम कुठे करतं? (हा भाग पालकांनी जरूर वाचावा)

मलेरियाचा परजीवी १८८० मध्ये लॅव्हरान यांनी रक्तात पाहिला. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या पोटात शोधला. ॲनॉफिलिस डासाची मादी चावली की परजीवी आधी आपल्या यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. थंडी-ताप येतो तो या रक्तातल्या टप्प्यात.

तांबड्या पेशीत परजीवी हिमोग्लोबिन खातो. खाताना हीम नावाचा लोहयुक्त भाग उरतो, तो परजीवीला विषारी. म्हणून तो हीमचे स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही आणि क्विनीनही बहुतांशी असंच काम करतं, असं मानतात. परजीवीच्या अन्नरिक्तिकेत सामू सुमारे ५, म्हणजे आम्लधर्मी. तिथे शिरलेलं आम्लारीधर्मी औषध हायड्रोजन आयन उचलतं आणि आतच अडकतं. वर्गात शिकवलेलं आम्ल-आम्लारी शत्रूच्या पोटात कामाला येतं ते असं.

आता मुख्य मुद्दा. क्विनीन काय किंवा क्लोरोक्विन काय, ही औषधं रक्तातल्या परजीवींना मारतात. पण व्हायव्हॅक्स जातीचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. त्यांच्यावर या औषधांचा परिणाम होत नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी ते जागे होतात आणि डास न चावताही ताप परत येतो. या झोपलेल्यांसाठी वेगळं औषध, प्रायमाक्विन. आपल्याकडे व्हायव्हॅक्स मलेरियाला क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस देतात, ते यासाठी.

आमच्या विद्यार्थ्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला तो रक्त साफ होत आल्यामुळे. उरलेल्या गोळ्या तापासाठी नव्हत्याच, त्या झोपलेल्या परजीवींसाठी होत्या. हे त्या माउलीला समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

८) आज क्विनीनचा उपयोग

आज क्विनीन पहिल्या पसंतीचं औषध राहिलेलं नाही. फाल्सिपेरम मलेरियाला आर्टेमिसिनीन गटातली औषधं जोडऔषधासह देतात. आर्टेमिसिनीन शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गंभीर मलेरियात आर्टेसुनेटचं इंजेक्शन क्विनीनपेक्षा जास्त जीव वाचवतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं. ते हाताशी नसेल किंवा चालत नसेल, तर क्विनीन अजूनही आधाराला आहे. पेयांना कडवट चव द्यायला आणि फ्लुओरेसन्स मोजताना तुलनेसाठीही ते वापरतात.

दुष्परिणामही सांगायला हवेत. कानात गुंईऽऽ आवाज, डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं. रक्तातली साखर एकदम उतरू शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पायात गोळे येतात म्हणून हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रायमाक्विनही डॉक्टरांनी दिल्याशिवाय नकोच. जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर ज्यांच्या शरीरात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. गरोदर बायकांना आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांना ती देत नाहीत. गोळ्या चालू असताना लघवी गडद, काळ्या चहासारखी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

आणि २०२० आठवतंय ना? क्लोरोक्विनचा भाऊ हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनावर चालतं अशी आवई उठली आणि लोकांनी मेडिकलमधून साठे केले. संधिवाताचे जे रुग्ण ते रोज घेतात, त्यांना मिळेना. पुढे मोठ्या चाचण्यांत करोनावर त्याचा फायदा दिसलाच नाही.

९) मुलांसाठी प्रश्न

१. क्विनीनमध्ये नायट्रोजनचं वस्तुमानाने शेकडा प्रमाण किती? (२८ भागिले ३२४, म्हणजे सुमारे ८.६ टक्के)
२. सलाइनसाठी सल्फेटऐवजी डायहायड्रोक्लोराइड का वापरतात?
३. प्रयोगात साखरेचा ग्लास का ठेवला?
४. पर्किनचा हिशेब जुळला, तरी क्विनीन का मिळालं नाही?
५. ताप उतरल्यावरही प्रायमाक्विनच्या गोळ्या का चालू ठेवायच्या? घरी आईला समजेल अशा पाच वाक्यांत लिहा.

पाचवा प्रश्न मी मुद्दाम गृहपाठाला देते. उत्तर वहीत राहत नाही, घरी वाचून दाखवलं जातं.

शेवटी एवढंच

त्या मुलाचं रक्त पुन्हा तपासलं आणि उपचार पुन्हा पहिल्यापासून झाला. या वेळी आम्ही एका कागदावर १४ चौकोन आखले. जेवणानंतर गोळी, मग चौकोनावर खूण. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या. तो रोज सकाळी कागद मला दाखवायचा. एके दिवशी खूण नव्हती. विचारलं तर म्हणाला, "बाई, घेतलीय, पेन सापडला नाही." मी मधल्या सुट्टीत त्याच्या आईला फोन केला. घेतली होती खरी.

तुम्हालाही एक विनंती. मलेरियातून उठून मूल वर्गात आलं, तर 'ताप गेला का' एवढंच विचारून थांबू नका. 'गोळ्या किती दिवसांच्या होत्या आणि किती उरल्या,' तेही विचारा. पालकहो, उरलेली पट्टी 'पुढच्या वेळी कामाला येईल' म्हणून कपाटात ठेवू नका. आणि प्रयोग केलात तर मुलांनी काय काय विचारलं ते मला नक्की कळवा.